राजधानीची लोकसंख्या : आठशे

घणसोली, सेक्टर सात. शनिवार, रात्रीचे साडेदहा.
टेबलभर माझा नकाशा. त्यावर चहाचा गोल डाग,
ज्याचं मागच्या महिन्यात मी सरोवर करून टाकलं.
राज्याचं नाव शिरावंती.
राजधानीच्या खाली, बारीक अक्षरात : लोकसंख्या आठशे.
लिहिताना मला आठशे पुष्कळ वाटले होते.

हेरंब भोईरने फासा टाकलाच नाही.
वीसही बाजू मुठीत दाबून विचारलं,
आठशे म्हणजे घरं, की माणसं?
माणसं.
आणि सैन्य?
पाचशे, मी म्हटलं. घोडदळ.

तो हसला नाही. पाणीपुरवठ्यात नोकरी त्याची,
आकड्यांना हसायची सवय तिथे मोडते.
म्हणजे उरले तीनशे.
त्यातली पोरं वजा कर, म्हातारी वजा कर,
ओल्या बाळंतिणी वजा कर.
आता सांग, पाचशे घोड्यांची लीद कोण उचलतं?

अरे, जादू आहे ना, झैनब म्हणाली.
जादूगार किती?
मी वही चाळली. दोन.
त्यातला एक तुम्हीच मारलात, दिवाळीच्या आधी.

मग बिर्याणीच्या बिलामागे त्याचा हिशेब सुरू झाला.
एक जण तटाच्या आत बसून जेवतो
तेव्हा बाहेर नऊ जण चिखलात वाकलेले असतात.
तुझे नऊ कुठायत?
मी नकाशा पाहिला.
शापित अरण्य होतं. दलदल होती.
तीन पडके मनोरे, एकात खजिना.
भाताचं एक खाचर नव्हतं.

आणि तो ड्रॅगन? खातो काय?
बैल. आठवड्याला तीन.
वर्षाला दीडशेच्या वर, हेरंब म्हणाला.
दुसऱ्या पावसाळ्याआधी उपाशी मरेल बिचारा.
तलवारी कशाला परजताय? नुसते थांबा.

त्या रात्री कुणी कुणाला मारलं नाही.
आम्ही वस्ती वाढवत बसलो.
नदीकाठी गावं, गावांना गिरण्या,
एक सुईण जी पाच गावं चालत फिरते,
एक माणूस ज्याचं काम फक्त चुना भाजणं.
झैनबने कबरस्तान मागितलं. म्हणाली,
इतके जन्मतायत तर जातील कुठे?
मिठागरं हेरंबने स्वतः काढली, खाडीच्या कडेला,
पेन्सिल न उचलता, बघून काढल्यासारखी.
तिथल्या माणसांचा आकडा मात्र टाकला नाही.
विचारलं तर म्हणाला, माहीत नाही.
आमचीही कुणी नीट मोजली नव्हती,
आखणीवाले आले तेव्हा.
आणि लगेच : गटारं राहिलीत.

गटारांवर असतानाच त्याचा फोन वाजला.
सव्वाची वेळ. सेक्टर नऊची मोठी लाइन फुटली होती.
बूट घालता घालता तो पुटपुटत होता,
अठरा बिल्डिंगा, सात मजले, मजल्याला चार दारं,
दारामागे चार माणसं...
दोन हजार सोळा.
वरचे सोळाही त्याने सोडले नाहीत.
सहाला नळ सोडतील सगळे, म्हणाला,
आणि लिफ्टची वाट न बघता उतरला.
फासा त्याच्या खिशातच गेला.

झैनब सोफ्यावर झोपली, पायाशी निम्मं राज्य घेऊन.
मी रबराने आठशे खोडलं.
कागद तिथे इतका पातळ झालाय
की खालच्या टेबलाचा रंग दिसतो.
नवा आकडा अजून लिहिलेला नाही.

खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीत, चौथ्या मजल्यावर,
एक बाई बादल्या भरून ठेवत होती. मग पातेली.
मग डबे, झाकणासकट.
सव्वादोनला.
तिला कुणी कळवलं असेल?