सातवी फेरी

सारंगखेड्याला, तापीच्या वाळूत
सातवी फेरी अर्धी राहिली आणि काजळी थांबली.
लंगडली नाही, बुजली नाही.
नुसती थांबली.

"हट्टी शे. दोन दे इले,"
शिरपूरचं गिऱ्हाईक म्हणालं.

इद्रिस पिंजाऱ्याने चाबूक वाळूत खोचला,
तिच्या पुठ्ठ्यावर तळवा ठेवला:
कातडीखाली थरथर,
आत कुणी कापूस पिंजत बसल्यासारखी.
आजाची धनुकली अशीच बोलायची, म्हणाला,
तात तुटायच्या आधी.

शहाद्याहून डॉक्टरीणबाई आल्या.
हिरड्या पाहिल्या, मानेला चिमूट घेतली, सोडली.
कातडी सावकाश जागेवर गेली,
रात्री उशिरा घरात शिरणाऱ्या पोरासारखी.

अंगावर मार्गशीर्षाचे दाट केस
आणि वर हे दुपारचं ऊन.
आग आतच कोंडली, बाई म्हणाल्या,
मांसातली साखर सरत आली,
आणि घामाबरोबर मीठ गेलं, इतकं
की तहान लागलीय हेच तिला कळत नाहीये.

मी बादली धरून उभी.
पाण्यात तिचं तोंड, माझं तोंड.
सकाळपासून मीही प्यायले नव्हते,
ते मला तेव्हा आठवलं.

इद्रिसने भाकरीचं फडकं सोडलं,
ठेच्याशेजारची मिठाची पुडी तळव्यावर उलटी केली.
काजळीने आधी नुसतं हुंगलं.
मग चाटत राहिली,
हातावरच्या रेघांमधलंसुद्धा.

मग मान वळली बादलीकडे.

गिऱ्हाईक तोवर
दुसऱ्या घोड्याचे दात मोजत होतं.