बोटभर दही

सकाळी सहाला मी संकलन केंद्राचं शटर वर करते.
गावातलं सारं दूध माझ्या हातून जाते.
कोणाच्या म्हशीचं सहा-चार, कोणाच्या गाईचं तीन-आठ,
कोण वाटेत हापशीपाशी थांबून आलं
तेही मशीन सांगते.
मी सांगत नाही. आकडा लिहिते.

उत्पला तेव्हा खाली, पोत्यावरच्या गोधडीत.
कॅनचं झाकण वाजलं की हसते.
सात महिने नऊ दिवस.
चाळीस घरच्या दुधाच्या वासात वाढलेली पोट्टी
आणि जिभेवर अजून थेंब नाही
माझ्याशिवाय कोणाचा.

गुणवंता अवथळे रोज म्हणतात,
"घे न माय वाटीभर. गवळाऊ गाय आहे.
आमच्यात लेकरू रांगायच्या आधी गंजाला तोंड लावते."
"वर्षाची होईस्तोवर प्यायला द्यायचं नाही म्हणतात."
"दुधात बसून दूध नाही?"
"नाही."
"मग खाते काय?"
"वरण. मऊ भात. आलू. परवा पपई."
त्यांनी कॅन असा ठेवला
जसं मी त्यांच्या गाईलाच नाव ठेवलं.

पंचशीलाताईच्या कार्डावर माझ्या पोरीचा ठिपका
हिरव्या पट्ट्याच्या अगदी काठावर.
जरा सरकला की पिवळा.
"दही चालते," ताई म्हणाली, "घरचं, ताजं, चमचाभर.
साखर नको, मीठ नको.
अन् तीन दिवस दुसरं नवीन काही नको,
अंगावर उठलंच काही
तर कोणाचं नाव घ्यायचं ते कळते."

त्या दिवशी रजिस्टरात पहिल्यांदा
माझं नाव घेणाऱ्यांच्या रकान्यात लिहिलं.
अर्धा लिटर, रोख.
कोणाच्या कॅनमधलं, ते लिहायला जागा नव्हती.

पौषातली थंडी. दही लागेना अशी.
दूध उकळून कोमट केलं,
वाकोडेबाईकडून बोराएवढं विरजण आणलं,
वाटीला पोरीचं लोकरीचं टोपरं घातलं
अन् कणकीच्या डब्यात निजवलं.
रात्रभर उत्पला माझ्या पदरात डोकं खुपसून,
वाटी तिच्या टोपऱ्यात.
मी दोनदा उठले.
दोन्ही वेळा आधी डबा उघडला.

भिंतीवरच्या चित्रात सुजाता खीर घेऊन उभी आहे.
पायाशी वाकलेली, पात्र दोन्ही हातांत.
लहानपणापासून बघते.
आज वाटलं, उपाशी माणसाला पहिला घास देताना
तिनंही आधी बोट बुडवून पाहिलं असेल,
पोळत तर नाही ना.

बोट लावलं.
एक डोळा मिटला, दुसरा मोठा झाला,
सारं नाक वर चढलं,
खांद्यापासून पायापर्यंत एक शहारा गेला
आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं
जसं आजवर मी तिच्याशी खोटं बोलत होते.
मग जीभ बाहेर आली.
परत गेली.
परत आली, हनुवटीवर शोधायला.

तीन दिवस मी तिची कातडी वाचली.
मानेच्या घड्या, कोपराचे खळगे, पोट.
याचं मशीन नाही.
दुसऱ्या रात्री गालावर लाल फोड.
टॉर्च धरला. एकच होता, मधोमध टोच.
डास.
भिंतीवर त्याला शोधून मारला
आणि कशाचं कोण जाणे, रडू आलं.

चौथ्या दिवशी अवथळ्यांनी कॅन ठेवला.
"काय मग? लागलं का?"
त्यांनी दुधाचं विचारलं, की पोरीचं, की विरजणाचं,
आमच्याकडं तिन्हीला शब्द एकच.
मी नळी बुडवली. चार-दोन.
"लागलं," म्हटलं.

ते गेले नाहीत. उभेच राहिले.
खाली पोत्यावर उत्पलानं झाकण तोंडात घातलं होतं,
रिकामं, धुतलेलं,
आणि मन लावून चाटत होती.