किल्ली

स्फाक्सच्या जुन्या तटाआत, तेलघाण्यांच्या गल्लीत
एक लहानशी मशीद आहे. तिची किल्ली
बत्तीस वर्षं माझ्या कमरेला होती.
वीतभर, लोखंडी. हिवाळ्यात मांडीला गार लागायची.
नाव माझं तिजानी. शिक्षण एवढंच, किल्ली.

आधीच्या साहेबांच्या काळात हुकूम होता:
नमाज संपला की पाच मिनिटांत कुलूप.
शुक्रवारचं प्रवचन राजधानीहून लिफाफ्यात यायचं.
म्हातारे शेख बशराउई चष्मा पुसून ते वाचायचे,
साहेबांच्या दीर्घायुष्यापाशी आवाज जरा चढवायचे.
आणि एक माणूस यायचा, मिशीवाला, सभ्य.
आधी माझ्या मुलाच्या खोकल्याची चौकशी करायचा,
मग पहाटेच्या नमाजाला कोण कोण येतं त्याची यादी मागायचा.
'आम्ही धर्म आणि राजकारण वेगळं ठेवलंय, तिजानी,' म्हणायचा.
मी यादी द्यायचो.
सगळी नाही. तीन नावं गाळायचो.
तीनच.

मग ते साहेब विमानात बसून गेले
आणि लिफाफे यायचे थांबले.
नवी पोरं आली, कोवळ्या दाढ्यांची.
शेखना त्यांनी मिंबरावरून उतरवलं, दंडाला धरून, हळूच,
आजाऱ्याला न्हाणीघरात नेतात तसं.
आता प्रवचन तोंडपाठ असे, आणि त्यात मतदानाची तारीख.
त्यांनीही किल्ली मागितली.
त्यांच्यातल्या एकानं यादीही मागितली:
पहाटे कोण कोण येत नाही, त्याची.

त्याच वर्षी हाजी मबरूक वारले. मागे नव्वद जैतुनाची झाडं.
चाळिसाव्याला अंगणात दोघे भाऊ भांडले.
मुन्सिफ वकील. म्हणाला, 'हजार वर्षांपूर्वीचा अर्थ
आज पुन्हा लावायला कुणाची हरकत आहे?
देव घरात राहू दे. कायदा माणसांनी करावा.'
झुहैर शाळामास्तर. म्हणाला, 'काठी मारून पाणी दुभंगतं का, भाऊ?
न्याय मशिदीत शिकायचा आणि दाराशी चपलांबरोबर ठेवून जायचा?'
दोघांचंही मला पटत होतं.
मी चहा ओतत होतो, आणि ज्याच्या पेल्यात ओतत असे
तो त्या वेळी बरोबर वाटायचा.

वाटणी जुन्या हिशोबानेच झाली.
भावांना छत्तीस-छत्तीस, बहिणीला अठरा.
अर्थ पुन्हा लावणाऱ्या मुन्सिफनं
छत्तीसच्या छत्तीस सही करून घेतली.
'कायदा बदलेपर्यंत कायदा आहे,' म्हणाला, आणि खरंच होतं ते.
पाणी न दुभंगणाऱ्या झुहैरनं
आठवड्यानं नऊ झाडांना लाल चिंधी बांधली,
नजीबाच्या नावे केली, आणि कुणाला सांगितलं नाही.
मला कळलं, कारण चिंध्या माझ्या जुन्या गालिच्याच्या होत्या.

यावरून काय ठरवायचं ते मला ठरवता आलेलं नाही.
कॉफीच्या दुकानात हे सांगितलं तर
दोन्ही बाजूंचे लोक टेबल बडवतात,
आणि दोघांनाही वाटतं, तिजानी आपल्या बाजूचा.

नजीबा स्वतः घाण्यावर बसते. तिचं बोलणं थोडं.
परवा रांजणात ताजं तेल पडलं होतं, गढूळ, हिरवट, पाणी मिसळलेलं.
मी सवयीनं ढवळायला लाकूड उचललं.
'राहू दे, काका,' ती म्हणाली.
'तेल वर येतं आपलं आपण.
लोकांना फक्त हात आवरत नाहीत.'
मग थोडं थांबून:
'गाळ मात्र उरतो. तो कुणीतरी उपसावा लागतो.'

आता मशिदीला नवं कुलूप आहे, त्याची किल्ली चौकीत.
माझी कशालाच लागत नाही, तरी कमरेला आहे.
नजीबा ती मागून घेते कधी कधी,
रांजणावरचं फडकं वाऱ्यानं उडू नये म्हणून वर ठेवायला.
मी देतो.

ती तीन नावं कुणाची होती, ते तिला ठाऊक आहे.
झुहैरचं त्यात होतं. त्यासाठी ती दर ईदला
मला तेलाची बाटली पाठवते.
चौथं नाव तिच्या नवऱ्याचं होतं.
ते मी लिहिलं होतं, सुवाच्य अक्षरात,
मुलाला त्या आठवड्यात औषध मिळालं होतं.

फडक्यावर किल्ली पडून असते.
खाली तेल हळूहळू निवळत असतं.