प्रवेशअर्ज

चार ओळींची बातमी, आतल्या पानावर,
गुळाच्या भावाखाली:
आशियातल्या विजेत्या क्लबांची फुटबॉल स्पर्धा, तेहरानला.
हिंदुराव कुरण्यांनी ती बोट फिरवत दोनदा वाचली
आणि कट्ट्यावर विचारलं,
"क्लब म्हंजी तालीमच की न्हाई?"
तालीमच, म्हणालं कुणीतरी.
"मग आमाला का बोलिवलं न्हाई?"

मी तेव्हा कोर्टाच्या फाटकाशी
चिंचेखाली टाइपरायटर मांडून बसायचो.
खरेदीखतं, वाटणीपत्रं, एखादी फारकत.
माझ्या मशीनचा इंग्रजी ‘एफ’ अर्धाच उमटायचा,
त्यामुळं त्या रात्री तालमीत, मारुतीसमोर,
फुटबॉल हा शब्द आला की
प्रत्येक वेळी पेनानं आडवी रेघ ओढत गेलो.

लिव्ह: झुंजार तालीम, मंगळवार पेठ.
लिव्ह: मैदान लाल मातीचं. गवत न्हाई,
पण त्यांच्याकडं असलं तर आमची हरकत न्हाई.
खेळाडू चौदा. बूट नऊ जोड.
"विजेते हाय का आपण?" रावजी कवाळेनं विचारलं.
तो बॉल शिवायचा, हातातली आरी थांबवून विचारलं त्यानं.
थोडा वेळ कुणी बोललं नाही.
फायनलला पलीकडच्या पेठेनं आम्हाला एक गोल मारला होता,
तो ऑफसाइड होता हे आमच्या पेठेत
लहान पोरालाही पाठ होतं.
"लिव्ह, जवळजवळ विजेते."

पापा मुजावर गोलकीपर. म्हणाला,
"लिव्ह, पेनल्टीला मी डावीकडंच झेपावतो,
आजवर सात अडवल्यात."
मी लिहिलंही.
मग तोच दचकून म्हणाला, "खोड ते. त्यास्नी कळंल."

भाड्याचा हिशेब मिरजेपर्यंत नीट झाला.
मिरजेच्या पुढं काय, ते मिरजेत विचारायचं ठरलं.
पत्ता कुणाकडंच नव्हता.
‘आशिया फुटबॉल, तेहरान, इराण देश’,
पोस्टातल्या बाबूनं पाकीट दोनदा तोललं,
एकदा माझ्याकडं बघितलं,
आणि शिक्का मारला.

पलीकडच्या पेठेला कळू द्यायचं नाही, अशी मारुतीची शपथ होती.
आठवड्यात सगळ्या गावाला कळलं.
गंगावेशीत दूध काढणारा गवळी विचारायचा,
"काय कुरणे, पासपोर्ट आला का?"

उत्तर आलं दोन वर्षांनी,
तेही इराणचं नाही, मलेशियाचं.
रावजीच्या नातवानं आधी फुलपाखराचं तिकीट वाफेवर सोडवून घेतलं,
मग पाकीट माझ्या हातात दिलं.
तोवर पापाचा गुडघा गेला होता,
दोघं साखर कारखान्यात लागले होते, एक पोलिसात.
मी वाचून दाखवलं:
ही स्पर्धा तूर्त बंद केली आहे.
आपल्या आस्थेबद्दल आभार.

बल्बभोवती किडे घिरट्या घालत होते.
हौद्यातल्या मातीला तेलाचा, ताकाचा वास.
हिंदुरावांनी कागद हातात घेतला,
उलटा धरला, सुलटा धरला,
घडी घालून पंजाच्या हिरव्या कापडाशेजारी पेटीत ठेवला
आणि सावकाश म्हणाले,
"म्हंजी आशियात आपण अजून हरलेलो न्हाई."

ते वाक्य पेठेत तीस वर्षं चाललं.
लग्नात, मिरवणुकीत, पलीकडच्या पेठेकडून
चार गोल खाऊन परततानासुद्धा.

कार्बन प्रत माझ्याकडं आहे.
शाई उडाली, टाइप पुसट झाला,
पेनानं ओढलेल्या रेघा तेवढ्या
अजून ठळक दिसतात,
कशावरच्या ते न कळता.

पापा गेला परवाच्या थंडीत.
त्याला उजव्या कुशीवर निजवलं, रीतीप्रमाणं.
आम्ही जुनी माणसं टोप्या घालून कडेला उभी.
मूठ मूठ माती टाकून झाल्यावर
हिंदुराव माझ्या कानाशी आले,
नव्वदीचं ते थरथरतं तोंड,
"मास्तर," म्हणाले,
"चुकीच्या बाजूला गेला रं."