नावाचा रकाना

नोंदवहीत पहिला रकाना नावाचा.
फी, वजन, वयाचे दाखले, सगळं नंतर.
एकतीस वर्षं मी या टेबलाशी बसते
आणि पोरांना आधी हेच विचारते:
हे असलं नाव कुठून आणलंत रे?

मखमलाबादचं 'म. उ. क्रीडा मंडळ'.
जिल्ह्याच्या साहेबांनी विचारलं, महाराष्ट्र उत्कर्ष का?
कप्तान म्हणाला, हो.
मला ठाऊक आहे: म्हैस उठली.
कोंडाजी काकडांची म्हैस
मधल्या रेषेवर रवंथ करत बसायची,
ती उठेपर्यंत खेळ नाही.
उठली की एक पोरगं गल्लीभर बोंबलत सुटायचं
आणि भरली ताटं टाकून
सात जण धावत यायचे.
म्हैस गेली. मैदानावर रो-हाउस आले.
यांच्या चढाईला अजून कुणीतरी बाहेरून ओरडतं, उठली!
समोरचा संघ मागे वळून बघतो.
तेवढ्यात एक गुण.

पंचवटीचं 'गळ्यापर्यंत'.
लोकांना वाटतं, वैतागलेली पोरं असतील.
तसं नाही. पूर किती चढला हे नाशकात
दुतोंड्या मारुतीला विचारतात:
गुडघा, कंबर, छाती.
त्या साली गळा.
नऊ पोरं दोन रात्री एका गच्चीवर अडकली,
थंडी घालवायला कबड्डी कबड्डी म्हणत राहिली.
त्यातले वामन तिदमे सांगायचे,
दम सोडला की पाण्याचा आवाज यायचा,
म्हणून सोडायचा नाही.

'जय बज' आणि 'रंग' यांना एका गटात टाकू नये
हा नियम कुठे लिहिलेला नाही, मी पाळते.
मूळ पाटी 'जय बजरंग'. पेंटरला पत्रा पुरला नाही,
उरलेलं त्यानं दुसऱ्या तुकड्यावर लिहिलं.
पुढे भांडण झालं, कशावरून ते दोघांनाही आठवत नाही,
आणि ज्याच्या हाती जो पत्रा लागला
तो घेऊन तो निघाला.
आता रंगवाले नव्या पोरांना सांगतात,
आपलं नाव रहाडीवरून पडलं.
मी खोडत नाही.
रंगपंचमीनंतर आठवडाभर
त्यांच्या कानामागे पिवळा पुरावा असतोच.

सातपूरची 'दुसरी पाळी'.
रात्री अकराचा भोंगा झाला
की कारखान्याच्या फाटकावरच्या दिव्याखाली सराव.
कंपनीला टाळं लागून अठरा वर्षं झाली,
नातू दिवसाच्या नोकऱ्या करतात,
तरी अर्जाखाली दरवर्षी ओळ असते:
सामना कृपया रात्री ठेवावा.

माझ्या संघाचं नाव कुणी विचारत नाही.
विड्या वळणाऱ्या आम्ही सात जणी,
बोटांना तंबाखूचा वास, ओढण्या कमरेला गाठून.
छापील यादीत शाळा होत्या, तालमी होत्या,
आम्ही कशातच नव्हतो.
अगदी तळाशी एक शब्द होता, इतर.
त्याच्यापुढे बरोबरची खूण केली आणि मैदानात उतरलो.
अंतिम सामन्यात शकीला एकटी उरली होती,
समोर पाच.
ती ओठ मिटून गेली नाही, हसत गेली,
आणि दोघींना घेऊन परत आली.
बाकीचं मला नीट आठवत नाही, मी बाहेर बसून
नखं खात होते.

ढालीवर नाव कोरायला तांबट आळीत
अक्षरामागे आठ आणे.
सचिव म्हणाले, तीनच अक्षरं?
बरं झालं.

ती ढाल या टेबलाच्या खणात आहे,
पेन्सिलींच्या भुग्याखाली.

आज सकाळी चुंचाळ्याच्या मुली आल्या.
सगळे दाखले नीट टाचलेले,
नावाचा रकाना तेवढा कोरा.
बाई, सुचतच नाही.
म्हटलं, बसा, घाई नाही.
तुमच्या मैदानावर कुणाची म्हैस बसते का?
त्या एकमेकींकडे बघत राहिल्या.
मग सगळ्यात बारकी म्हणाली,
मैदानच नाहीये, बाई.
पाण्याच्या टाकीखाली खेळतो.
टाकी गळते.

मी पेनाचं टोपण काढलं.