पाच वाजताची चावी

निलयनं रेजायनातून व्हिडिओ कॉल लावला.
खिडकीबाहेर बर्फ, बर्फाखाली कुठंतरी कार.
त्यानं ओट्यापाशी उभ्या उभ्याच बटण दाबलं,
दूर दोन दिवे लुकलुकले
आणि माणूस नसलेली गाडी धूर सोडू लागली.
"दहा मिनिटांत सीटसुद्धा गरम."

बाबा संत्रं सोलत होते.
"त्यात काय नवीन लेका? आपल्या मेटाडोरले होता ना रिमोट."

होता खरा.
आंबिया बहर, वरूडच्या मंडीत सहाचा लिलाव.
बाबा म्हणत, थंडीत डिझेल तुपासारखं थिजते.
(थिजत नसावं. पण गोधडी सोडायची नसली की थिजायचं.)
गोधडीच्या आतून आवाज यायचा,
"पंचफुला, चावी."
एवढंच बटण.

आई चुलीवरचं पाणी घेऊन जायची,
तांब्यानं पंपावर बेताबेतानं ओतायची,
पोट दुखणाऱ्या लेकराला शेकावं तसं.
मग आत चढून हीटर धरायची.
डॅशबोर्डातली तार काळी, तांबडी,
मग पिकल्या संत्र्यासारखी.
तेव्हाच सेल. आधी नाही.
हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.
इंजिन एकदा खोकायचं, दोनदा,
आणि अंगणभर पांढरा धूर, खुराड्यात कोंबड्यांची गडबड.

ती तिथंच बसून राहायची
इंजिनच्या पत्र्यावर तळवे टेकवून.
दिवसभरात बसलेली मी तिला तेवढीच पाहिली.

एका पहाटे आवाज बदलला.
जाड झाला, मग लांब गेला.
बाबा बनियनवर बाहेर आले तर
दवात चाकांच्या दोन रेघा,
अन् कुंपणापलीकडून काकू,
"वयनी तं गेली ना बाप्पा, दिवे लावून!"

बेनोड्याच्या फाट्यापर्यंत गेली होती.
पहिल्याच गिअरमध्ये; दुसरा ठाऊक नव्हता.
वळवता येईना म्हणून थांबली,
इंजिन मात्र चालू ठेवलेलं,
बंद केलं तर गार पडेल म्हणून.
मागं बत्तीस क्रेट संत्री.
बाबा सायकलनं पोचले.
काय बोलले, दोघांनाच माहीत.
लिलाव हुकला.

आता ती फोनवर वाकली,
चष्मा कपाळावर, बर्फाकडे बघत.
"अन् आत कोणीच नाही?"
"कोणीच नाही, आई. तीच तर गंमत आहे."

ती जराशानं म्हणाली,
"मंग थे दहा मिनिटं
बसते कोण तिथं?"