ओली माती

पहाटे साडेपाचला, चहाआधी,
रवळूमामाला काट्यावर उभं करते.
कालच्यापेक्षा सातशे ग्रॅम कमी.
"कुठं गेलं?" तो विचारतो, काही चोरीला गेल्यासारखं.

मग नडगीवर अंगठा. दाबते, पाच मोजते, उचलते.
खळगा तसाच.
"अजून ओली हाय," म्हणतो
खानापुरात चाळीस वर्षं चाक फिरवलेला माणूस.
"हात लावू नको, बाई. बसंल भांडं."

दिवसाला एक लिटर. त्यातच चहा, त्यातच गोळ्यांचं पाणी.
शेजारच्या खाटेवरून गंगव्वा लेकाचा तांब्या पुढं करते,
"नीर कुडीरी, अण्णा,"
आणि मला दोन्ही भाषांत नको म्हणावं लागतं.
ज्याचे माठ निम्म्या तालुक्याच्या दारात
त्याचे ओठ मी ओल्या कापसानं पुसते.

रात्री तीन उशा. आडवा झाला की छातीत खुळखुळतं.
सुईनंतर हाका सुरू, "सिस्टर, भांडं!"
उजाडेपर्यंत बाराशे.
उजेडात धरून वाचते मी ती रेघ,
कुणाचं पत्रही इतक्या आनंदानं वाचलं नसेल.

आज खळगा दोनातच भरला.
मामानं पेरानं नडगी वाजवून पाहिली, कान देऊन.
"आव्यात घालायला आणि दोन दिवस."
हसला.
मी टाचेखालची चादर ताणून घेतली.